एकोणिसावा गडी

आयव्हर ट्रेलोर माणसं मोजतो, हे आमच्या टॅलिंड्रा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी, चारपैकी प्रत्येक क्वार्टरच्या, म्हणजे पाव मॅचच्या, आरंभी, एखादा गडी आत-बाहेर झाला की लगेच, हा बाबा सीमारेषेवर उभा राहून बोट नाचवत मोठ्याने मोजतो. एक, दोन, तीन, ते थेट अठरापर्यंत. थोडीथोडकी नाही, अठ्ठेचाळीस वर्षं. सख्ख्या मुलीचं लग्न होतं त्या दिवशीही सूट घालून पहिला क्वार्टर मोजून मगच चर्चला गेला. नोरीन, म्हणजे त्याची बायको, त्यावरून अजून त्याचा उद्धार करते. पोरं चिडवतात, "काय रे आयव्हर, झोप येत नाही तेव्हा मेंढ्या मोजतोस की फुलबॅक?" तो हसतही नाही आणि रागावतही नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

मोजण्याला कारण आहे. आमचा फुटबॉल अकरा जणांचा नव्हे, लांबट चेंडूचा; मैदानावर अठरा गडी. समोरच्या कप्तानाला संशय आला तर तो पंचाला सांगू शकतो, मोजा. मग खेळ थांबतो, सगळे मैदानाच्या मधोमध रांगेत उभे राहतात आणि पंच एकेकाच्या खांद्याला हात लावत जातो. एकोणिसावा सापडला की त्या क्षणापर्यंत केलेले सगळे गुण पुसले जातात. शून्य. असं मोजायला लावणं जन्मात एखाद्या वेळी पाहायला मिळतं. टॅलिंड्राने ते पाहिलं, आणि तेही अंतिम सामन्यात, शहात्तर साली.

क्लब एकोणीसशे नऊचा. चॉकलेटी जर्सी, तिच्यावर पांढरा आडवा पट्टा. दोन महायुद्धांत बंद पडला, दोन्ही वेळा परत उभा राहिला. क्लबघरात जेवणाच्या टेबलांच्या वर लाकडी फळी आहे, तिच्यावर आजीव सभासदांची सोनेरी नावं. त्या फळीवर नाव लागणं म्हणजे आमच्याकडे सगळं काही. निवडणूक जिंकणारे आले नि गेले, त्यांना कोण विचारतो! शहात्तर साली क्लबाचे दोनशे बारा सभासद होते. आयव्हर तेव्हापासून सभासदांचं रजिस्टर ठेवतो, त्यामुळे आकडा पक्का. आज एकसष्ट आहेत, त्यातले चाळीस तरी गुडघ्यांना मलम लावणारे. यंत्रं मोठी झाली, शेतं मोठी झाली. पूर्वी तीन घरं राहायची तेवढ्या जमिनीवर आता एक माणूस आणि त्याचा कुत्रा राहतो. शाळा बंद पडली, बँक गेली, बेकरी गेली. राहिलं काय? गव्हाची कोठारं आणि क्लब.

आयव्हरचं सगळं आयुष्य या दोहोंत गेलं. कोठाराच्या वजनकाट्यावर त्याने एकोणचाळीस हंगाम काढले. गव्हाचा ट्रक काट्यावर चढायचा, हा आकडा बघायचा, लिहायचा, हात करायचा, ट्रक पुढे. आयव्हरने लिहिलेलं वजन कुणी पुन्हा तपासायचं नाही. "ट्रेलोरच्या काट्यात खोट नाही," असं लोक अभिमानाने म्हणायचे. ते वाक्य ऐकलं की तो टोपी खाली ओढायचा. लोकांना वाटायचं, लाजाळू आहे बिचारा.

लाजाळू कसला! त्याला ते वाक्य टोचायचं.

शहात्तर साली तो पंचविशीचा होता. उत्तम विंगर, पण गुडघा फुटला, डॉक्टरने खेळ सोडायला सांगितलं. तेव्हा क्लबाने त्याला बदली गड्यांचं काम दिलं. त्या काळी दोनच बदली असायचे, एकोणिसावा आणि विसावा. प्रशिक्षकाने सांगितलं की आयव्हरने आधी आतला गडी बाहेर आला का बघायचं आणि मग हात करून बदली आत सोडायचा. एवढंच काम. त्या दिवशी एकोणिसावा गडी होता रेक्स पोल्नर, एकोणीस वर्षांचा पोरगा, पाठीवर एकतीस नंबर. समोर याराबिन, तीस किलोमीटरवरचं गाव, ज्यांच्याशी आमचं आजोबा-पणजोबांपासून वाकडं. शेवटच्या क्वार्टरची आठ मिनिटं उरली होती आणि आपण बावीस गुणांनी पुढे. पलीकडच्या टोकाला आपला एक गडी पायात गोळा आल्यासारखा वाकला. प्रशिक्षक ओरडला, "रेक्स!" आयव्हरने लांबवर पाहिलं. वाकलेला गडी गोलच्या खांबामागे दिसेनासा झाला. गेला बाहेर, असं त्याला वाटलं. त्याने हात केला. रेक्स जीव खाऊन पळाला.

तो गडी बाहेर गेलाच नव्हता. बुटाची नाडी बांधून परत खेळायला लागला होता.

याराबिनच्या कप्तानाची नजर ससाण्याची. त्याने मोजायला लावलं. रांग लागली, पंच एकेक खांदा शिवत गेला, आणि शेवटी उभ्या असलेल्या रेक्सच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एकोणीस." चौऱ्याऐंशी गुण पाटीवरून उतरवायला पाटीवाल्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. मैदानाभोवती उभ्या गाड्यांतून गोल झाला की भोंगे वाजतात ना, त्या दिवशी एकही वाजला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षकाने विचारलं, "कुणी सोडला याला आत?"

रेक्स म्हणाला, "आयव्हरने हात केला."

सगळ्यांनी आयव्हरकडे पाहिलं. आणि आयव्हर म्हणाला, "मी नाही केला. हा आपणहून धावला."

बस्स. एवढी एकच ओळ. बोलून झाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला, पण शब्द परत गिळता येतो थोडाच! पुढच्या हंगामात रेक्स जर्सी मागायला आला तेव्हा क्लबघरात जर्सी वाटायच्या खिडकीत आयव्हरच बसला होता. "शिल्लक नाही," म्हणाला. एकतीस नंबर त्याच्या मागे खुंटीला लटकत होती. गावाने रेक्सचं नाव एकोणीस्या पाडलं. दोन वर्षं त्याने ते सोसलं, मग दक्षिणेच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर जमिनीचा एक तुकडा घेऊन कुंपणं बांधायची कामं करू लागला. परत मैदानात त्याने पाऊल टाकलं नाही. आणि आयव्हर तेव्हापासून मोजायला लागला. लोक म्हणाले, बघा, त्या एकोणीस्यामुळे बिचाऱ्याने किती धास्ती घेतली! त्याच बळावर वीस वर्षांपूर्वी त्याचं नाव फळीवर चढलं.

आता यंदाची गोष्ट.

मे महिन्यात एका शनिवारी आयव्हर मोजायला लागला आणि बारावर थांबला. नियमाने चौदा तरी लागतात, नाहीतर मॅच सोडून दिली असं धरतात. हंगामात दोनदा सोडली की लीग क्लबाला काढून टाकते. झाली एकदा. त्यानंतर कप्तान लॅकलन मॅकेव्हॉयने मामे-मावस भाऊ जमवून, एक नवा शाळामास्तर पकडून कसेबसे चौदा उभे केले. लॅकलन भला पोरगा, पण तोंडाचा फाटका. जूनमधल्या त्या आठवड्यात त्याचा एक भाऊ खाणीतल्या नोकरीला पश्चिमेला निघून गेला. मंगळवारी सकाळी लॅकलन आयव्हरच्या दारात.

"तेरा आहेत," तो म्हणाला. "शनिवारी याराबिन. कोणी आहे का तुझ्या त्या रजिस्टरात, ज्याला दोन पाय आहेत? एक पाय असला तरी चालेल."

"उसना गडी?"

"लीग नाही म्हणते. आपल्याच नावावर नोंदलेला पाहिजे. चौदावा नाही मिळाला तर शनिवारी कुलूप लावायचं, म्हातारबा. एकशे पंधरा वर्षं, आणि कुलूप मी लावायचं! माझा बाप थडग्यातून उठून मला झोडेल."

आयव्हरच्या रजिस्टरात एक नाव नव्हतं, पण डोक्यात होतं. रेक्सचा नातू ब्रॉडी. बावीस वर्षांचा, आजोबापाशीच वाढलेला, कापणीची यंत्रं चालवायचा. कुरणात एकटाच चेंडू मारत बसतो आणि पासष्ट मीटरवरून गोल करतो, असं पेट्रोलपंपावर ऐकलेलं. क्लबात कधी आला नाही, कारण पोल्नरांच्या घरात फुटबॉलचं नाव काढायची चोरी.

"बघतो," आयव्हर म्हणाला. लॅकलन गेल्यावर तो बराच वेळ गाडीची किल्ली हातात घेऊन ओट्यापाशी उभा राहिला. नोरीनने विचारलं, "कुठे?" तर म्हणाला, "जरा जाऊन येतो." पन्नास वर्षांच्या संसारात या तीन शब्दांचा अर्थ तिला कधी कळला नव्हता, तसा त्या दिवशीही कळला नाही.

रेक्स शेडमध्ये तारेचं भेंडोळं सोडवत बसला होता. वाळलेला, उंच, भुवया पांढऱ्या झालेल्या. आयव्हर दारात आलेला बघून त्याने मान वर केली नाही.

"ट्रेलोर ना? ये. मोज मला. एकटाच आहे मी, चुकायचं नाहीस."

आयव्हरने टोपी काढली. "रेक्स, मला ब्रॉडी पाहिजे. शनिवारपुरता. नाहीतर क्लब बंद पडतो."

"पडू दे की."

"रेक्स…"

"अरे पडू दे म्हणतो! मला काय त्याचं? माझी पोरगी शाळेत जायची तर पोरं तिला एकोणीस्याची पोर म्हणायची. आई गेली तेव्हा तुमच्या क्लबातलं एक काळं कुत्रं आलं नाही दफनाला. आणि आता नातू पाहिजे?" त्याने तार खाली टाकली. "अठ्ठेचाळीस वर्षं मी एकच गोष्ट डोक्यात घोळवतो. हात केला होतास की नव्हतास? कधी कधी मलाच वाटायला लागतं, नसेल केला. भास झाला असेल. दुसरं कोणी नाही इथे. सांग तू मला."

आयव्हर म्हणाला, "केला होता."

रेक्सने डोळे मिटले. कोपऱ्यातला कुत्रा उठला, दोघांकडे बघून परत बसला.

"मूर्ख माणसा," रेक्स शेवटी म्हणाला, अगदी हळू. "चूक झाली म्हणाला असतास तर महिनाभर शिव्या घातल्या असत्या त्यांनी तुला. फार तर वर्षभर. तेवढंही झेपलं नाही तुला?"

"नाही झेपलं."

बाहेर यंत्र घासत असलेला ब्रॉडी दारात येऊन उभा होता. त्याने किती ऐकलं कोण जाणे. म्हणाला, "आजोबा, मला खेळायचंय." रेक्सने त्याच्याकडे पाहिलं, मग आयव्हरकडे.

"दोन गोष्टी," तो म्हणाला. "गुरुवारी सरावानंतर तुमचं जेवण असतं ना, संघ वाचून दाखवतात तेव्हा? तिथे सगळ्यांसमोर सांगायचं. आणि दुसरं, शनिवारी पंचाला संघाचा कागद देता, त्यावर माझं नाव घालायचं. खेळायला नाही. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. पण नाव पाहिजे, एकतीस नंबरसकट. मग येईल पोरगा."

घरी येऊन आयव्हरने नोरीनला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता सुरी थांबली.

"तू केला होतास हात?"

"हो."

"आणि मी त्याच्या आईला केक आणू नको म्हणाले!" नोरीनचा आवाज चढला. "सत्याहत्तर साली, बायकांच्या समितीत. तिचा स्पंज केक म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात नाव होतं. मी, मी म्हणाले तिला, मिसेस पोल्नर, यंदा तुमचा केक नको, लोकांना आवडणार नाही. तिने डबा तसाच छातीशी धरला आणि चालत घरी गेली. मला वाटलं मी क्लबाची बाजू घेतेय. तुझी बाजू घेतेय! अरे, मला तरी सांगायचंस!"

"धीर झाला नाही."

"धीर म्हणे! सत्तेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाताना तो धीर कुठे गेला होता?" बटाटे तसेच टाकून ती अंगणात निघून गेली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. चहा मात्र समोर ठेवायची, आदळून.

गुरुवारी संध्याकाळी क्लबघरात भोपळ्याचं सूप आणि कोकराच्या चापा होत्या. पंचवीस-तीस माणसं. लॅकलनने संघ वाचला. चौदावं नाव ब्रॉडी पोल्नर ऐकताच म्हाताऱ्यांच्या टेबलावर कुजबुज झाली. पंधरावं रेक्सचं ऐकताच चमचे खाली ठेवले गेले. क्लाइव्ह स्टॅन्टन, शहात्तरचा कप्तान, वय वर्षं एकोणऐंशी, मोठ्याने म्हणाला, "ही काय थट्टा आहे?"

आयव्हर उठला. भाषण त्याने कागदावर लिहून आणलं होतं, पण चष्मा घरी राहिला.

"थट्टा नाही, क्लाइव्ह. शहात्तर साली रेक्सला आत मी सोडलं. बघितलं नाही नीट. हात केला. आणि नंतर खोटं बोललो. त्याची काही चूक नव्हती. एवढंच आहे."

स्वयंपाकघराच्या खिडकीत नोरीन डाव हातात घेऊन उभी होती. शाळामास्तर, जो गावात येऊन चारच महिने झाले होते, तो इकडे तिकडे बघत राहिला. लॅकलन म्हणाला, "म्हणजे चौदावा मिळाला ना? मग झालं तर." तरुण पोरांना त्याचं काय! त्यांच्या लेखी शहात्तर म्हणजे डायनासोर. पण क्लाइव्हचा चेहरा आयव्हरला बघवला नाही.

"माझी आई त्या वर्षी डिसेंबरात गेली," क्लाइव्ह म्हणाला. "अंथरुणावरून पोल्नरांच्या पोराला शिव्या देत गेली, आयव्हर. आणि मी तिच्या होला हो म्हणत होतो. रेक्स समोरून आला की मी रस्ता ओलांडायचो. पाच-पंचवीस वेळा ओलांडला असेल." त्याने आपली थाळी उचलली. फळीकडे बोट केलं. "ते नाव तिथे आहे तोवर मी त्याच्याखाली बसून जेवणार नाही." तो बाहेर गाडीत जाऊन जेवला. आणखी दोघे त्याच्या मागोमाग गेले. आयव्हरच्या टेबलावर तो एकटाच उरला, आणि सूप निवून गेलं.

शनिवारी थंडी मी म्हणत होती. मैदानाभोवती गाड्या तोंड आत करून लागल्या. क्लाइव्हची गाडी नेहमीच्या जागी, खांबाच्या डावीकडे, पण काचा वर. बारा वाजता रेक्सचा पिकअप फाटकातून आत आला. ब्रॉडी उतरून पळतच कपडे बदलायला गेला. रेक्स मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. आयव्हर एकतीस नंबरची जर्सी घेऊन खिडकीपाशी गेला.

"घेतो," रेक्स म्हणाला. "थंडीची कोटाखाली बरी पडेल." त्याने ती कोटाखाली चढवली आणि सीमारेषेवर आयव्हरपासून चार हात अंतर ठेवून उभा राहिला.

आयव्हरने मोजलं. चौदा.

खेळाबद्दल काय सांगायचं? मारच खाल्ला. याराबिनचे अठरा आणि आपले चौदा. चेंडू आपल्या अंगणातून बाहेर जाईचना. ब्रॉडीने लांबून दोन गोल केले तेव्हा भोंगे वाजले, त्यावर समाधान. पण कोणी हार-जीत बघत नव्हतं. शेवटचा भोंगा होईपर्यंत चौदा जण पाय रोवून उभे राहिले की क्लब वाचला, एवढंच. तिसरा क्वार्टर सरला. चौथ्यात बारा मिनिटं उरली असताना शाळामास्तर चेंडूखाली गेला, वरून याराबिनचे दोन आडदांड आले, आणि त्याचा खांदा निखळला. कापडी झोळीच्या स्ट्रेचरवर घालून त्याला बाहेर आणलं. बिचारा कळवळत "सॉरी, सॉरी" म्हणत होता.

आयव्हरचं बोट आपोआप वर झालं. तेरा.

याराबिनचा व्यवस्थापक शेजारीच उभा होता, जाडजूड, भल्या चेहऱ्याचा माणूस. तो आयव्हरच्या कानाशी वाकला. "पंच परगावचा आहे, झोळीच्या गडबडीत आहे. आम्ही काही बोलत नाही. बारा मिनिटं तर राहिलीत. खेळा तेरा. तुमचा क्लब मेला तर आम्ही तरी कुणाशी भांडायचं?"

लॅकलन मैदानातून हात जोडत होता. गप्प बस, गप्प बस. पंचाने शिट्टी तोंडाला लावली.

एक ओळ न बोलण्याचं तर काम होतं. त्यात तो वाकबगार होता. त्याने क्लाइव्हच्या गाडीकडे पाहिलं, काचा वरच. मग तो रेघ ओलांडून आत गेला, दुखऱ्या गुडघ्याने फरफटत पंचापर्यंत पोचला आणि म्हणाला, "थांबा. तेरा आहेत."

लॅकलन तिथूनच ओरडला. "अरे म्हाताऱ्या! तुझं डोकं फिरलंय का? मारलंस, तू आम्हाला दुसऱ्यांदा मारलंस!"

पंच गोंधळला. "तेरा असतील तर मला मॅच…"

"कागद बघा," मागून आवाज आला.

रेक्सने कोट काढून कुंपणावर टाकला होता. चॉकलेटी जर्सी त्याच्या हाडकुळ्या खांद्यांवरून लोंबत होती, खाली कामाची पँट आणि शेतातले बूट. पंचाने कागद काढला. पंधरावं नाव, रेक्स पोल्नर, एकतीस. रीतसर नोंदलेलं.

"वय?" पंचाने विचारलं.

"वयाचा नियम आहे का?"

"नाही."

"मग कशाला विचारतोस, बाळ?"

ब्रॉडी पळत आला. "आजोबा, वेडेपणा करू नका, मोडाल!" रेक्सने त्याला हाताने बाजूला केलं आणि सीमारेषेवर येऊन थांबला, बुटांची टोकं पांढऱ्या रेघेच्या अलीकडे. आत आला नाही. आयव्हर परत येईपर्यंत तसाच उभा.

"बघ आधी," तो म्हणाला. "नीट बघ. गेला का तो बाहेर?"

झोळी क्लबघराच्या दारापर्यंत पोचली होती. नोरीन मास्तरवर ब्लँकेट घालत होती. "गेला," आयव्हर म्हणाला.

"मोज."

आयव्हर मोजायला लागला. एक, दोन, तीन. आठपर्यंत बरा होता. नवाला डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोणी ओरडलं नाही. तेरा म्हणताना त्याला हुंदका आवरला नाही, सगळ्या गावासमोर, आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"आता हात कर," रेक्स म्हणाला.

आयव्हरने हात केला. रेक्सने रेघ ओलांडली. पळता येत नव्हतं, चालत गेला.

याराबिनच्या कप्तानाने पंचाला खूण केली, नियम म्हणून, मोजून घ्या. रांग लागली. पंच खांद्यांना हात लावत निघाला, आणि सगळ्यात शेवटी, श्वास लागलेल्या त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चौदा. खेळा."

खांबाच्या डावीकडून एक भोंगा वाजला. लांब, थांबेचना. क्लाइव्हने काच खाली केली होती. मग बाकीच्यांचेही सुरू झाले, याराबिनच्या गाड्यांचेसुद्धा. क्लाइव्हने आयव्हरकडे मात्र पाहिलं नाही, ना तेव्हा, ना नंतर. अजूनही गुरुवारी तो गाडीतच जेवतो.

एकशे एकतीस गुणांनी हरलो. रेक्स बारा मिनिटं कोपऱ्यात उभा राहिला. चेंडू एकदा त्याच्या पायाशी आला, त्याने तो सीमेबाहेर लाथाडला आणि दोन दिवस अंथरुणात पडला. पुढच्या शनिवारचा चौदावा कुठून आणायचा, हे लॅकलनला अजून ठाऊक नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत आयव्हर नेहमीप्रमाणे खिडकीत बसून जर्सी गोळा करत होता. एकेक नंबर घ्यायचा, रजिस्टरात खूण करायची, टोपलीत टाकायची. नोरीनने येऊन त्याच्यापुढे चहा ठेवला, न आदळता. शेवटी रेक्स आला, कोट खांद्यावर, जर्सी अंगातच.

आयव्हरने हात पुढे केला.

"नाही देणार," रेक्स म्हणाला.

"क्लबाची आहे, रेक्स."

"मी मागायला आलो होतो तेव्हा तुझ्या मागे लटकत होती. मला दिसली होती."

आयव्हरचा हात तसाच राहिला. मग त्याने तो मागे घेतला, रजिस्टरात एकतीसच्या ओळीपुढे लिहिलं, "पोल्नर यांच्याकडे," आणि खाली सही केली. रेक्सने रजिस्टर स्वतःकडे वळवून ते दोनदा वाचलं. मग कोट घातला, बटणं लावली आणि ब्रॉडीला हाक मारत पिकअपकडे गेला.